एका बटणाची वस्तू

"प्लास्टर काढायला तुम्ही येताय, की मीच नेऊ त्यांना?" आत्याच्या शेजारची शिवणवाली फोनवर विचारत होती आणि भाची ऑफिसच्या जिन्यात उभी होती, एका हातात डबा, दुसऱ्यात किल्ल्या, फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला. कसलं प्लास्टर, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला काहीच माहीत नाही हे शिवणवालीला कळलं असतं, आणि शिवणवालीला कळलं की ते तिच्या मशीनखालून जाणाऱ्या प्रत्येक झग्याला कळतं. "बघते, कळवते," ती म्हणाली. शिवणवालीला तेवढं पुरे होतं. ती आपणहून उसवत गेली. बाथरूमच्या दारात पाय सरकला, उजवं मनगट गेलं, डोकं वाचलं हेच नशीब, तिनंच गाडी करून दवाखान्यात नेलं, आत्यांनी वाटेत हूं की चूं केलं नाही, आता कातडी आत खाजते म्हणून विणायची सुई घालून खाजवतात, सांगून ऐकत नाहीत. "तुम्हाला काय, सगळं ठाऊकच असणार. रोज सकाळी भाचीला कळवते म्हणाल्या." फोन ठेवल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली. पायरी गार होती आणि खालच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानातून ओल्या कापडावर तापलं लोखंड टेकल्याचा तो वास येत होता, जो तिला एरवी आवडायचा. तिनं फोनवर तक्ता उघडला. एका आडव्या ओळीत एक माणूस, एका उभ्या ओळीत एक सकाळ. आत्याची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरव्या ठिपक्यांची, कुठं खंड नाही, पेरणी अगदी सरळ. ज्या सकाळी पाय सरकला ती सकाळही हिरवी.

वस्तू अगदी साधी होती. "वस्तू" हा आत्याचाच शब्द. ॲप म्हणायला तिला काहीतरी तोंडात राहिल्यासारखं वाटायचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर सकाळी एक मोठं बटण उगवायचं: मी ठीक आहे. ते दाबलं की दूर राहणाऱ्या मुलाच्या, भाचीच्या, नातवाच्या फोनवर एक हिरवा ठिपका पडायचा. दुपारपर्यंत दाबलं नाही तर ठिपका करडा व्हायचा आणि त्यांच्याकडे घंटा वाजायची. बस्स. हवापाणी नाही, औषधांची आठवण नाही, नातवंडांचे फोटो नाहीत. कमीत कमीतलं कमी करायचं आणि लोकांच्या हातात द्यायचं, मग बघायचं, हा तिच्या भागीदाराचा धोशा. साबणाची वडी आधी विकू, न्हाणीघर मग बांधू, असं तो म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा, कारण त्याच्या विनोदाला हसायला ऑफिसात आणखी दोघीच होत्या आणि दोघीही कामात असायच्या. आज दुपारी त्या वडीचा निकाल लावायचा होता. पास झाली तर पुढच्या आठवड्यात ती सगळ्यांसाठी खुली होणार. नापास झाली तर दुकान बंद, आणि तिघांनी आपापल्या वाटा शोधायच्या. पास कशाला म्हणायचं तेही आधीच ठरलेलं होतं. यादीतली बहुतेक माणसं, बहुतेक सकाळी, कुणी आठवण न करता, आपण होऊन बटण दाबत असतील तर पास. हे काचेच्या फळ्यावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचा हट्ट तिचाच. नाहीतर मागाहून आपण काहीही झालं तरी पासच म्हणू, ती म्हणाली होती, आपला तो बाब्या असतो. आणि कालपर्यंतचा हिशेब असा होता की वस्तू नुसती पास नव्हती, पहिली आली होती.

दुसरं बटणही होतं आधी. ते ती विसरली नव्हती, फक्त इतके दिवस त्याची आठवण यायचं कारण पडलं नव्हतं. पहिल्या आराखड्यात हिरव्याखाली एक पिवळं होतं, "आज बरं नाही" असं. ते तिनंच काढलं. या धंद्यात येण्याआधी कितीतरी वर्षं ती एका छापखान्यात व्हिजिटिंग कार्डं आणि बाटल्यांची लेबलं जुळवायची. पडद्यावरची कामं ती नंतर, चाळिशी उलटल्यावर, घरी बसून, चुकतमाकत शिकली. पण काढून टाकायची सवय छापखान्यातलीच. माणूस कार्ड छापायला येतो तेव्हा त्याला सगळं हवं असतं, दोन्ही पत्ते, चार पदव्या, वडिलांचं नाव, एक घोषवाक्य. तो बोलत असतानाच तिचे डोळे त्यातलं काय काय जाईल ते बघत असायचे. पिवळ्याला बघूनही तिचे डोळे तेच म्हणाले. अरे, ती भागीदाराला म्हणाली होती, ज्याला बरं नाही तो दाबणारच नाही ना, न दाबणं हेच दुसरं बटण. भागीदारानं टाळी दिली होती. किती सुबक वाटलं होतं ते. जिन्यात बसून तिला आता त्या सुबकपणाचा शीण आला, जसा आवरलेल्या खोलीचा कधी कधी येतो, की हे सगळं आवरलं खरं, पण बसायचं कुठं.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. सुट्टीत ती आत्याकडे राहायला जायची तेव्हा एखाददिवशी आत्या तिला कामावर न्यायची आणि उंच स्टुलाच्या पायाशी बसवून ठेवायची. तिथून तिला फक्त बायकांच्या चपला दिसायच्या आणि वरून आवाज ऐकू यायचे, बोला, बोला, लाइनवर आहेत, बोला. घरी येताना आत्याच्या केसांत कानावरच्या पट्टीची खाच पडलेली असायची, डोक्याला कुणी दोरा बांधून ठेवल्यासारखी, आणि ती खाच झोपेपर्यंत जायची नाही. लोक काय बोलतात ग, असं तिनं एकदा विचारलं होतं. आपण ऐकायचं नसतं, आत्या म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, चहाचं आधण ठेवताना, स्वतःशीच म्हणाल्यासारखं: सगळे ठीक म्हणतात. मुंडकी उडालेली असली तरी आधी ठीक म्हणतात. वेळ संपत आली असं मी मधे सांगितलं, की मग रडायला लागतात. हे वाक्य इतकी वर्षं तिच्याजवळ पडून होतं. वस्तू करताना ते तिनं चार लोकांसमोर सांगितलंही होतं, कल्पना कुठून सुचली असं कुणी विचारलं की सांगायला बरं पडायचं. त्यातलं पहिलं अर्धं वाक्यच ती सांगायची, सगळे ठीक म्हणतात एवढंच.

वर गेली तेव्हा भागीदारानं केक आणून ठेवला होता, डब्याला अजून सुतळी बांधलेली. त्याचे डोळे सुजल्यासारखे होते. चांगली पक्की नोकरी सोडून तो या दोन खोल्यांत आला त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं आणि इतक्या दिवसांत तिनं त्याला एकदाही धड दाढी केलेला पाहिला नव्हता, आज केली होती. हनुवटीवर कापलंही होतं. मुंगी खिडकीपाशी आपल्या जागी बसली होती. मुंगी म्हणजे त्यांची प्रोग्राम लिहिणारी मुलगी. सतत काहीतरी वाहून नेत असल्यासारखी चालते म्हणून भागीदारानं ठेवलेलं नाव, आणि तिनंही ते मुकाट्यानं उचललं होतं. "निकाल दुपारी कशाला, आत्ताच लावू," भागीदार म्हणाला, "पेपर फुटलेलाच आहे." तिनं डबा टेबलावर ठेवला आणि शिवणवालीचा फोन सांगितला. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण एखाद्या तिसऱ्याच बाईच्या आत्याबद्दल सांगावं तसं सांगतोय, कोरडं, क्रमानं. भागीदारानं आधी आत्याचं विचारलं, फार दुखतंय का, कुणी आहे का जवळ. तो तसा चांगलाच होता. मग त्याच्या डोळ्यांत तिला दिसलं की तो आता मोजतोय.

"एक मनगट, ताई," तो म्हणाला. "एका मनगटावरून सगळ्यांना नापास करायचं? आणि नियम तूच लिहिलायस. खेळ झाल्यावर नियम बदलायचे नाहीत, हेही तूच म्हणाली होतीस."

बरोबरच होतं त्याचं. तिला वाद घालायची ताकदही नव्हती. तिला खरं तर तो डबा उघडून केक खायचा होता आणि खुर्चीत पाठ टेकून डोळे मिटायचे होते, की झालं बाबा, पास झाली, आता मला झोपू दे. तेवढ्यात मुंगी तिच्या बारक्या आवाजात, पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "माझे आजोबा पलंगावरूनच दाबतात. डोळे नीट उघडायच्या आधी. उठता येईल की नाही ते त्यांना अजून माहीत नसतं." दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "मी विचारलं त्यांना. तर म्हणाले, उशीर झाला तर तुला ऑफिसात बोलतील." भागीदार हसला, आणि हसणं त्याच्याच तोंडावर राहून गेलं, पुसायला विसरल्यासारखं. तिघांनाही एकाच वेळी एकच गोष्ट दिसली असावी. यादी कुणाची होती? अर्धीकच्ची वस्तू अनोळखी माणूस कशाला घेईल, म्हणून पहिली यादी घरातूनच जमवलेली. तिची आत्या, मुंगीचे आजोबा, भागीदाराच्या सासूबाई, त्याचे जुने हेडमास्तर, अशी सगळी. बाहेरची माणसं शेवटी चटणीपुरती.

मग फोन करायचे ठरले. निकाल तसाच ठेवून त्यांनी नावं वाटून घेतली, आपल्या घरचं माणूस आपल्याकडे नको अशा बेतानं, आणि दुपारभर त्या दोन खोल्यांत तीन आवाज चालू राहिले, हळू, दमलेले, समोरच्याला ऐकू यावं म्हणून मधेच चढणारे. तिनं खिडकीकडे पाठ करून बोलायला घेतलं. विचारायचं एकच होतं, बटण दाबलंत त्यातल्या एखाद्या दिवशी बरं नव्हतं का. पहिल्यांदा कुणी काही सांगत नव्हतं. सगळे ठीक होते. मग ती नुसतीच थांबायला लागली, काही न बोलता, आणि तेव्हा पलीकडून काहीतरी सुटं सुटं यायला लागलं. हेडमास्तर तापानं फणफणले होते, पण गैरहजेरी लावून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सासूबाईंना चक्कर येत होती, येते अधूनमधून. "जावयाची भाकरी आहे हो त्यात," त्या म्हणाल्या, "मी नाही दाबायचं तर कुणी?" आणि हे त्याला सांगू नका म्हणाल्या, आणि ती हो म्हणाली, आणि भागीदार दोन हातांच्या अंतरावर बसून तिसऱ्याच कुणाशी बोलत होता. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, बाहेरच्यांपैकी. ते चिडलेलेच होते. एका सकाळी त्यांच्यानं उठवलं नाही, बटण दाबलं नाही, तर घंटा वाजून मुलगी धावत आली आणि तेव्हापासून जायचं नाव घेत नाही, माझी सगळी अवजारं तिनं जागच्या जागी ठेवलीत, आता मला एक सापडत नाही. तेवढं ऐकून तिला क्षणभर मोकळ्या हवेत आल्यासारखं झालं. म्हणजे एका ठिकाणी तरी ती चालली होती, जशी चालायला हवी तशी. शेवटी एक बाई राहिल्या होत्या, त्याही परक्याच. त्यांची ओळ सुरुवातीला थोडी हिरवी आणि मग सरसकट करडी, तक्त्यातली सगळ्यांत नापास ओळ. त्यांना वस्तू जमली नाही असंच त्या तिघांनी धरलं होतं. "जमलं की," बाई म्हणाल्या. "त्यात काय आहे न जमण्यासारखं. पण रोज उठून खोटं काय सांगायचं? नाही दाबलं. पहिल्यांदा मुलाकडे घंटा वाजली तेव्हा त्यानं फोन केला. मग रोजच वाजायला लागली, तशी त्यानं ती बंद करून टाकली." बाई हे अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, पंखा बिघडला म्हणावं तसं.

फोन ठेवून तिनं पुन्हा तक्ता उघडला. तिच्या स्वतःच्या फोनवर आत्याचा ठिपका पडायचा तेव्हा ती बहुधा दात घासत असायची. तोंडात फेस, आणि ठिपका बघून छातीत काहीतरी सैल व्हायचं. वस्तू येण्याआधी ती दर दोनतीन दिवसांनी आत्याला फोन करायची. फार काही बोलणं नसायचं, आत्या शिवणवालीचं उणं काढायची, टीव्हीवरच्या बायकांच्या साड्यांना नावं ठेवायची, ती मधून मधून हं म्हणत कांदा चिरायची. गेल्या कित्येक दिवसांत तिनं फोन केलेला नव्हता. टाळला असं नाही. गरजच वाटली नाही, कारण कळत होतं ना, रोज कळत होतं. घंटा बंद करून टाकणाऱ्या त्या मुलाचा तिला राग आला होता, तो आता कुठं ठेवावा ते तिला समजेना.

भागीदारानं शेवटचा फोन ठेवला आणि तो फळ्यापाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला की पिवळं बटण परत लावू, आठवड्याचं काम आहे, मुंगी करेल. मुंगीनं मान हलवली, ना होकाराची ना नकाराची. तिला स्वतःलाही तो मोह चांगलाच कळत होता. वस्तू बनवणाऱ्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर एक बटण सुचतं. "ते कोण दाबेल, सांग," ती म्हणाली. "तुझ्या सासूबाई दाबतील?" सासूबाई तिला काय म्हणाल्या ते त्याला माहीत नव्हतं, किंवा होतं. खालच्या दुकानात इस्त्री आपटल्याचा आवाज एका लयीत येत होता.

"मग पास की नापास?" त्यानं विचारलं. आवाजात चीड नव्हती, चीड यायला जे लागतं ते उरलं नव्हतं.

"नियमाप्रमाणे पास आहे," ती म्हणाली. "आपण नियम चुकीच्या गोष्टीचा केला. दाबतात की नाही ते मोजलं. ही खुली केली ना, तर हजारो घरांत म्हातारी माणसं तक्त्यावर ठीक होतील आणि त्यांना येणारे फोन बंद पडतील. नापास म्हण."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. मुंगी आपल्या टेबलावरचं सामान नकळत गोळा करायला लागली होती, आणि ते लक्षात आल्यावर तिनं ते पुन्हा मांडलं. "सासूबाईंना तू सांग," शेवटी तो म्हणाला, "मला नाही होणार. त्यांनी पोरीचं सोडून माझ्याकडे लक्ष दिलंय पहिल्यांदाच." आणि मग त्यानं केकची सुतळी सोडली, कारण आणलेला केक टाकून द्यायचा नसतो, निकाल काही लागो. तिघांनी उभ्याउभ्या खाल्ला. चांगला होता.

ऊन उतरताना ती आत्याकडे पोचली. दार आत्यानंच डाव्या हातानं उघडलं, वेळ लागला, आतून कडीशी झटापट ऐकू येत होती. प्लास्टर मळलेलं, कडेला दोरे सुटलेलं, आणि आत्याचे केस मोकळे, डाव्या हातानं कसेबसे मागे ढकललेले. त्या केसांकडे बघवेना. आत्यानं प्लास्टर पदराखाली घेतलं, उगीचच, कारण ते दिसून गेलेलं होतं. मग शिवणवालीला दोन शब्द हाणले, की तिच्या पोटात सुई टिकत नाही. भाची कणीक चाळावी तशी घरात नजर फिरवत होती: बाथरूमच्या दारात एक जुना टॉवेल अंथरलेला, खुर्चीच्या पाठीवर विणायची सुई, ओट्यावर झाकण न लावलेल्या बरण्या, कारण झाकण लावलं तर ते पुन्हा उघडणार कोण. चहा तिनंच केला. दोघी टेबलाशी बसल्या. कसं पडलीस, तिनं विचारलं. आत्यानं ते फार थोडक्यात सांगितलं, फरशी ओली होती. पडल्यावर काय केलं?

"फोन हातातच होता. आधी तुझं बटण दाबलं," आत्या म्हणाली. "राहून गेलं असतं तर तुझ्याकडे घंटा वाजली असती. मग शेजारच्या हिला हाक मारली."

तिला तो क्रम दिसला, ओल्या फरशीवर, मोडलेलं मनगट मांडीत घेऊन, डाव्या अंगठ्यानं. तिनं कप उचलला आणि परत ठेवला. आत्या तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात एक उत्सुकता होती, लहानपणी प्रगतिपुस्तक मागताना असायची तीच. "आज होता ना तुझा निकाल?" आत्यानं विचारलं. "पास झाली का वस्तू?"

झाली म्हणता आलं असतं. एक शब्द, आणि आत्या दोन दिवस त्यावर काढील, शिवणवालीला ऐकवील. दुकान बंद पडलं, पैसे कमी पडले, असं काहीही पुढच्या महिन्यात सांगता आलं असतं.

"नाही झाली, आत्या."

"मी तर एक दिवस चुकवला नाही."

"हो. त्यानंच."

आत्यानं मान खाली घातली. टेबलावरच्या कापडाचा कोपरा ती डाव्या बोटांनी सरळ करत राहिली, तो सरळच होता. "म्हणजे मी घालवली," ती म्हणाली.

"तू कशाला घालवशील. मी एकच बटण ठेवलं होतं, दुसरं काय दाबणार होतीस तू."

हे आत्याला पटलं की नाही कळलं नाही. "मग उद्या सकाळी काय करू मी?" आत्यानं विचारलं, खरोखरच विचारलं, कामावरून कमी केलेल्या माणसाच्या आवाजात. ती म्हणाली, काही नको करूस, मी फोन करीन. रोज? रोज नाही जमलं तर एकाआड एक. आत्यानं तोंड वाकडं केलं. एकाआड एक तरी काय बोलायचं असतं माणसानं, मला नाही सुचायचं. मग तिनं प्लास्टर टेबलावर नीट टेकवलं, आणि तोंड फिरवून, भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "ठणकतो ग हात."

"कधी?"

"आत्ता. सारखाच ठणकतो. तो डॉक्टर गाढव आहे, त्याला सांगितलं तर म्हणतो वय झालं. हाताचं वय काय वेगळं असतं? दुसऱ्याचं नाही झालं वाटतं. आणि वेणी येत नाही. हिला सांगितली घालायला तर पोत्याला गाठ मारावी तशी मारते. आणि हिच्या हाताला मीठ नाही, रोज डबा देते, बोलताही येत नाही." आत्या सांगत गेली. मनगटावरून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून झोपेवर, झोपेवरून वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या खोकल्यावर, तिथून मागं कुठंतरी, एक्स्चेंजमधल्या एका बाईवर, जी आत्याच्या वाटणीची सुट्टी घेऊन बसली होती. इतक्या सकाळींचं साचलेलं सगळं काही क्रमानं येत नव्हतं. भाची ऐकत होती. पाठ दुखत होती, चहा गार झाला होता, दिवसभर फोन धरून कान गरम झाला होता. मधेच एकदा आत्या थांबली.

"कंटाळलीस ना?"

"हो," ती म्हणाली. "पुढं सांग."